कंबर आणि गुडघा यांच्यामध्ये

माझी कंबर कधीच दुखली नाही. तरीही वर्षाहून जास्त काळ आमच्या घरात, वाडीत, टोकावड्याच्या बाजारात आणि मुरबाडच्या दवाखान्यात सगळ्यांना ठाऊक होतं की सुमनची कंबर गेली. त्या कंबरेला शेक मिळाले, लेप मिळाले, पट्टा मिळाला, डागसुद्धा मिळाले. बिचारी निमूट सोसत राहिली. दुखत होतं ते तिच्या खाली, आणि त्या जागेचं नाव घ्यायला मला तोंड नव्हतं.

आता वय झालं, नातवंडं झाली, लाज बरीचशी झिजली. तरी एखादी सून भिंतीला धरून उठताना दिसली, आणि "काय होतंय गो?" विचारल्यावर खाली बघत "कंबर" म्हणाली, की मला माझी कंबर आठवते. अशा सगळ्या कंबरांसाठी हे लिहिते आहे.

मी बसले

तेव्हा एस.टी. टोकावड्यापर्यंत आली होती, पण आमच्या वाडीला अजून बैलगाडीचीच वाट होती. घरात माणसं मोजकी. सासूबाई. थोरले दीर, ज्यांना सगळे दादा म्हणत आणि ज्यांच्यासमोर मी डोक्यावरचा पदर सावरल्याशिवाय उभी राहत नसे. त्यांची बायको भागीरथी, म्हणजे माझी थोरली जाऊ. तिला मी भागीबाय म्हणे. आमचे हे, आणि मी. भागीबायला मूल नव्हतं. तिच्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि त्या विषयावर घरात कुणी बोलत नसे, म्हणजे सगळे सारखे तोच विषय टाळत असत.

लावणीचे दिवस होते आणि मला सहावा महिना. सासूबाई म्हणाल्या, घरी थांब. मी ऐकलं नाही, कारण ऐकायचं नाही हा माझा स्वभाव. रोपांच्या जुड्या घेऊन बांधावरून चालताना पाय सटकला आणि मी बसले. पडले नाही, बसले. बांधाच्या कडेला एक दगड वर आला होता, नेमकी त्याच्यावर, डाव्या बाजूनं, दोन जिवांचा भार घेऊन. डोळ्यांपुढे काजवे चमकले.

भागीबाय चिखलातून धावत आली. "पोटाला लागला नाय ना?"

"नाय."

"मंग कुठं लागला?"

मी आजूबाजूला पाहिलं. बांधावर दादा उभे होते, हे होते, नांगराचे गडी होते. मी म्हणाले, "कमरेत."

पुढचं सगळं त्या एका शब्दानं झालं. आमच्याकडे बाईच्या अंगाला नावं होती, पण सगळीकडे नव्हती. डोकं, मान, पाठ, कंबर, आणि मग एकदम गुडघा. मधे जे काही होतं ते देवानंच दिलेलं असलं तरी त्याचं नाव ढोरांसाठी, पोरांसाठी आणि भांडणासाठी राखून ठेवलेलं होतं. बैलाचा कुल्ला दुखावतो, पोराच्या कुल्ल्यावर फटका बसतो. सुनेचा कुल्ला दुखत नाही. तिची कंबर दुखते.

जमिनीजवळ

शेवंती कार्तिकात जन्मली, भातं कापून खळ्यावर आली होती तेव्हा. सुखरूप जन्मली, नाकीडोळी नीटस. बाळंतपण झालं की दुखणं जाईल असं वाटलं होतं, पण पाहुणा म्हणून आलेलं ते दुखणं घरजावई होऊन बसलं.

आणि मला मात्र बसता येईना. बसलं की डाव्या बाजूला खोल आत कुणीतरी निखारा ठेवी. मग तो निखारा मांडीच्या मागून सावकाश उतरत पोटरीपर्यंत जाई. उभी राहिले तर चाले, पालथी निजले तर सगळ्यात बरं वाटे. पण खेड्यात बाईचा जन्म बसण्यात जातो. चूल बसून, जातं बसून, निवडणं बसून, सारवणं बसून. उभ्यानं करता येतील अशी कामं मला दोनच दिसत होती, पाणी आणणं आणि वाट पाहणं. त्यातलं पाणी आणणं घरच्यांनी बंद केलं.

माझी मांडी गेली. आपल्या भाषेत बसायला मांडी लागते आणि लेकराला घ्यायलाही मांडीच लागते. एक गेली की दुसरी तिच्या मागोमाग जाते. शेवंतीला मी कुशीवर निजून पाजत असे. त्या वेळी ती माझी असे, तिचा इवलासा तळवा माझ्या गळ्याशी असे. पोट भरलं की भागीबाय तिला उचलून नेई. तिच्या मांडीवर तिला न्हाऊ, तिच्या मांडीवर काजळ, तिथेच झोप.

मी सबंध दुपार पालथी पडून असे, गाल सारवलेल्या जमिनीला लावून. मुरबाडच्या गोळ्यांनी गुंगी येई. जमिनीजवळ राहिलं की जग वेगळं दिसतं. माणसं दिसत नाहीत, पावलं दिसतात. सासूबाईंच्या भेगाळलेल्या टाचा, ह्यांची चिखल वाळलेली बोटं, कोंबडीचे विचार करून टाकलेले पाय. कौलातून पडलेला उन्हाचा तुकडा उंबऱ्यापासून निघून जात्यापर्यंत जाई, आणि मी त्याच्याबरोबर जाई. शेणाच्या सारवणात बोटांचे अर्धगोल उमटलेले असत. त्यांच्याकडे बघता बघता ती शेतं होत, शेतांना बांध फुटत, आणि एखाद्या बांधावर कुणीतरी बाई सरळ चालताना दिसे, न घसरता.

हवा स्वच्छ असली की दाराच्या चौकटीत दूर सिद्धगड दिसे. गुंगीत तो जागा बदलत असे. कधी पार आभाळाच्या कडेला जाई, कधी आमच्या कुडापाशी येऊन बसे, चांगला ऐसपैस मांडी घालून. मला त्याचा हेवा वाटे. एवढा मोठा डोंगर, आणि किती सहज बसलाय! एकदा मी त्याच्या मांडीवर निजले होते आणि माझ्या मांडीवर शेवंती निजली होती, आणि खाली कुठेतरी जातं घरघरत होतं. जाग आली तर जातं खरंच चालू होतं. भागीबाय दळत होती आणि शेवंती तिच्या मांडीवर झोपली होती.

कंबरेचे लाड

भागीबाय पायाळू. म्हणजे जन्मताना तिचे पाय आधी आले. अशा माणसानं पाय लावला की अंगात भरलेली उसण उतरते, असं आमच्याकडे मानतात. सकाळी सकाळी वाडीतले बापये ओटीवर येऊन पालथे पडत आणि भागीबाय पदर खोचून, भिंतीला हात टेकून, त्यांच्या पाठीवर डावा पाय ठेवी. एरवी ज्यांच्यासमोर ती डोळे वर करत नसे, त्यांना ती पाय लावी. तिला त्याची मोठी गंमत वाटे. मात्र आभाळात वीज कडाडली की सासूबाई तिला घराबाहेर पडू देत नसत, कारण वीज पायाळू माणसाला हुडकत येते म्हणतात.

साहजिकच माझ्यावरही पहिला इलाज तोच झाला. मी ओटीवर पालथी पडले. भागीबायनं कुणाला काही न विचारता पाय ठेवला तो थेट खाली, नेमका निखाऱ्यावर. मी किंचाळले. कोपऱ्यात दादा तंबाखू मळत बसले होते.

"अगो, खाली कुठं जातेस?" सासूबाई म्हणाल्या. "कमरेवर दे, कमरेवर."

भागीबायनं वाकून माझ्याकडे पाहिलं. मी तोंड भिंतीकडे फिरवलं. मग तो पाय वर सरकला आणि मला जिथे काहीच होत नव्हतं तिथे टेकला. दुखणं कुठे आहे ते तिला त्या सकाळीच कळलं होतं. तिला कळलंय हे मलाही कळलं होतं.

मग निर्गुडीचा पाला आला, तापवलेली वीट आली, बिब्बा आला. शेजारच्या पाड्यातल्या म्हाताऱ्यानं कंबरेवर तापल्या विळ्याचे डाग दिले. त्या डागांच्या खुणा अजून आहेत. शेवटी मुरबाडचे डॉक्टर झाले. ते भले गृहस्थ होते. त्यांनी विचारलं कुठे दुखतं, ह्यांनी सांगितलं कंबर, आणि मी मान हलवली. मग कंबरेचा जो इलाज करायचा तो त्यांनी मनापासून केला. सगळ्या मुरबाड तालुक्यात सगळ्यात जास्त औषधपाणी झालेली आणि मुळीच न दुखणारी कंबर माझी होती.

कुणी म्हणेल, नवऱ्याला तरी सांगायचं. सांगितलं की! एकदा गोठ्याशी दोघंच होतो तेव्हा धीर करून सांगितलं. हे लाजून कानापर्यंत लाल झाले आणि वैरण टाकायला उठून गेले. पुढच्या खेपेला डॉक्टरांना तेही कंबरच म्हणाले. पण एक करायचं ते त्यांनी केलं. परसात खांब रोवून कमरेइतका उंच माच बांधला, त्यावर माती लिंपली आणि चूल मांडली, मला उभ्यानं भाकरी करता यावी म्हणून. वाडीतल्या बाया बघायला आल्या. "उभी चूल!" म्हणून पदरात तोंड खुपसून हसल्या. मला मात्र त्या चुलीपाशी उभं राहिलं की आपण अजून घरातलं माणूस आहोत असं वाटे.

ओटी

शेवंती रांगू लागली, मग भिंतीला धरून उभी राहिली. पायांतले वाळे वाजवत ती माझ्या डोक्यापाशी येई, वाकून बघे आणि पुढे निघून जाई. "आय" हा शब्द ती पहिल्यांदा भागीबायकडे बघून बोलली. भागीबायनं तिला दुरुस्त केलं नाही. मी तिच्या जागी असते तर मीही केलं नसतं. पण त्या दिवशी मला भागीबाय विहिरीतल्या पाण्यासारखी वाटली, माझी तहान भागवणारी आणि मला बुडवणारी.

दिवाळी झाल्यावर एका सकाळी सासूबाई माझ्याजवळ येऊन बसल्या. माझ्या केसांवरून त्यांनी हात फिरवला, तेव्हाच मला कळलं की काहीतरी वाईट ऐकायचं आहे.

"म्हशाच्या जत्रंला सगळी जाऊ," त्या म्हणाल्या. "तिथं देवासमोर पोर भागीच्या ओटीत घालू. तुला मांडीवर घेववत नाय. तिची मांडी रिकामी. घरातल्या घरात. पोर काय परगावी नाय चालली."

"आणि मी बरी झाले तर?"

"बरी झालीस तर दुसरं व्हईल तुला."

त्यात दुष्टावा नव्हता. दुष्टावा असता तर भांडले असते. बोलणं इतकं शहाणपणाचं होतं की त्याला कुठे धरावं ते कळेना. हे दोरी वळत होते, ते वळतच राहिले. दादांनी काही ऐकलंच नाही असं केलं. भागीबाय शेवंतीला घेऊन उठली आणि आत गेली. तिच्या तोंडावर काय होतं ते मला जमिनीवरून दिसलं नाही, फक्त पावलं दिसली. ती दारात थोडी थांबली होती.

मी रडले. पालथं निजण्यात एवढा एक फायदा, रडलेलं दिसत नाही. म्हसा गावची जत्रा पौषात भरते. तोपर्यंत मला माझी मांडी परत मिळाली नाही तर ती कायमची जाणार होती.

गाडीच्या फळ्या

माझं माहेर शहापूरच्या बाजूला. वडील तिकडे शाळामास्तर. मार्गशीर्षात त्यांचा निरोप आला की शहापुरात हाडाशिरांचं बघणारे एक डॉक्टर आलेत, चार खाटांचा दवाखाना आहे, पोरीला एकदा आणा. सासूबाई म्हणाल्या, हेही करून बघा. ह्यांना भाताची झोडणी सोडता येईना, म्हणून गाडी दादांनी जुंपली. शेवंती भागीबायला सोडून राहीना, म्हणून भागीबाय आली.

गाडीत पेंढा पसरून मी पालथी पडले. फळ्यांमधे एक फट होती आणि तिच्यातून खालची वाट दिसत होती. धूळ, खडे, चाकोरीतलं गवत, पुन्हा धूळ. थोड्या वेळानं वाटायला लागलं की गाडी उभी आहे आणि वाटच माझ्याखालून वाहते आहे. काळू नदी आली तेव्हा फटीतून पाणी दिसलं. पाण्यात आभाळ होतं, बैलांच्या पायांनी ते मोडत होतं आणि मागे पुन्हा जुळत होतं. घुंगरांच्या नादात मला वाटलं की अशीच वाहत जावी, शहापूर येऊच नये. कारण शहापूर आलं की कुणीतरी विचारणार, कुठे दुखतं, आणि मी पुन्हा तेच सांगणार.

शब्द

डॉक्टर पिकल्या केसांचे होते, सावकाश बोलत. "कुठे दुखतं?"

"कंबर," दादा म्हणाले.

त्यांनी मला पालथं झोपवलं आणि मणक्यावरून अंगठा फिरवत विचारत गेले. इथे? हो. इथे? हो. इथे? मी सगळीकडे हो म्हणाले. दादा पायथ्याशी उभे होते. मला दुसरं काही सुचेना. डॉक्टर डागांच्या खुणांपाशी थांबले, उसासा टाकला आणि हात धुऊन टेबलाशी गेले.

"कंबरेत मला काही सापडत नाही," ते म्हणाले. "पट्टा चालू ठेवा. विश्रांती द्या. काही दुखणी बाळंतपणानंतर राहतात."

दादांनी टोपी डोक्यावर नीट बसवली. झालं. मी उठायला हात टेकला. डोळ्यांपुढे म्हशाचं देऊळ आलं, नारळ आला, भागीबायचा पसरलेला पदर आला.

"डाक्तर, थांबा जरा."

भागीबाय दारात उभी होती, शेवंतीला कडेवर घेऊन. तिचा आवाज मी बाहेरच्या माणसासमोर पहिल्यांदाच ऐकत होते. दादांनी मान वळवली.

"कंबर नाय," ती म्हणाली. "कुल्ला. डावा कुल्ला दुखतोय तिचा. लावणीला दगडावर बसली, तवापासून. ती बोलायची नाय. मेली तरी बोलायची नाय."

बाहेर कुठेतरी लोहार घण मारत होता. दादा समोरच्या भिंतीकडे बघत राहिले, मग बाहेर निघून गेले. भागीबायच्या मानेवर घाम आला होता. शेवंती तिच्या मंगळसूत्राशी खेळत होती.

डॉक्टरांनी लेखणी खाली ठेवली. सिस्टरनं पडदा ओढला. मग त्यांचा अंगठा नेमका त्या जागी आला आणि त्यांनी दाबलं. निखारा भडकून पायाच्या करंगळीपर्यंत गेला. मी ओरडले, आणि ओरडता ओरडता मला हसू आलं. इतके महिने मी ज्या दुखण्याबरोबर एकटी राहत होते, तिथे शेवटी कुणीतरी येऊन हात लावला होता. मी उशीत तोंड घालून हसत आणि रडत होते आणि सिस्टर म्हणत होती, "अगं, काय झालं? अगं, काय झालं?"

डॉक्टरांनी सोप्या शब्दांत सांगितलं. आत खोल एक स्नायू मार लागून आखडला होता, त्याच्या खालून पायाची शीर जाते, ती चेपत होती. कंबरेचा काही संबंध नव्हता.

"वेळ लागेल," ते म्हणाले. "पण बसशील."

"मांडी घालून?"

"मांडी घालून."

एक ओवी होईपर्यंत

मी तिथे राहिले, खिडकीजवळच्या खाटेवर. एक इंजेक्शन झालं, त्याची आठवण नको. मग रोज गरम मिठाच्या पुरचुंडीचा शेक आणि एक व्यायाम. उताणं निजायचं, डावा गुडघा धरून उजव्या खांद्याकडे ओढायचा, आणि तसाच धरून ठेवायचा. किती वेळ, ते सिस्टर घड्याळाकडे बघून सांगे. भागीबायला घड्याळ कळत नसे. ती खाली बसून दळणाची एक ओवी म्हणे. ओवी संपली की गुडघा सोडायचा. दुखणं जास्त असलं की ती ओवी भराभरा उरके. दुखणं कमी होत गेलं तशी शब्द लांबवू लागली. काय लबाड बाई!

पहिले काही दिवस उलट जास्तच दुखलं. नंतर एका सकाळी मी कूस बदलली आणि बदलल्यावर माझ्या लक्षात आलं की न कण्हता बदलली.

शेवंतीला या व्यायामाची भारी मजा वाटली. ती खाटेवर माझ्याशेजारी उताणी पडे, दोन्ही हातांनी स्वतःचं पाऊल धरे आणि ओवी संपेपर्यंत माझ्याकडे बघत राही. मांडी नव्हती तरी ती माझ्याजवळ आली होती. वर कौलांमधे एक काचेचं कौल होतं. त्यातून ऊन उतरून आमच्या दोघींवर पडे, आणि मला वाटे आम्ही एखाद्या स्वच्छ डोहाच्या तळाशी पडलोय आणि वर कुणीतरी गातंय.

एका दुपारी भागीबाय मीठ तापवत होती. मी विचारलं, "का बोललात, भागीबाय?"

ती मीठ हलवत राहिली. "पाय लावला तवाच कळला होता मला."

"मंग इतके दिवस?"

"इतके दिवस पोर माझ्या मांडीवर होती," ती म्हणाली. माझ्याकडे न बघता म्हणाली, पण स्पष्ट म्हणाली. मग पुरचुंडी बांधता बांधता म्हणाली, "गाडीत तू फटीतनं खाली बघत होतीस ना, तवा पोर वाकून तुला बघत होती. तिला वाटला तू खेळतेस. हसली तुला. तुला नाय दिसला, मला दिसला."

मला तिचा राग यायला हवा होता. थोडा आलाही. पण ती गरम पुरचुंडी तिनं आधी स्वतःच्या गालाला लावून बघितली आणि मग मला लावली, आणि राग कुठे गेला ते कळलं नाही.

पौषात एका पहाटे रस्त्यावरून बैल निघाले, गळ्यातल्या घंटांचा आवाज लांबपर्यंत येत राहिला. म्हशाच्या बाजाराला चालले होते. भागीबाय जागी होती, मीही जागी होते. आवाज दूर जाऊन विरेपर्यंत दोघी ऐकत राहिलो.

मांडी

वाचणाऱ्या बाईला एवढंच सांगते. दुखतं तिथे बोट ठेव. शब्द येत नसेल तर बोट ठेव, बोट ठेवायची लाज वाटत असेल तर घरातल्या कुणा बाईला पुढे कर. पोर आणि पाणी नेहमी एकाच बाजूला घेऊ नकोस. आणि माझा इलाज तुला लागू पडेलच असं नाही. तुझं दुखणं तुझं, ते डॉक्टरला बघू दे. पण खरी जागा कळल्याशिवाय कुठलाच डॉक्टर काही करू शकत नाही.

घरी आलो तेव्हा जत्रा उठून गेली होती. ओटीचा विषय कुणी काढला नाही. दादा बरेच दिवस भागीबायशी कामापुरतं बोलत होते, मग एकदा त्यांचीच पाठ धरली आणि मुकाट्यानं तिच्यासमोर पालथे पडले. मी व्यायाम करत होते, उभ्या चुलीवर भाकरी करत होते, आणि बसायला भीत होते.

चैत्रातली सकाळ होती. ओटीवर भागीबाय चिंचा फोडत बसली होती. मी भिंतीला धरून तिच्यासमोर खाली झाले. उजवा पाय दुमडला, मग डावा. मांडी घातली आणि श्वास धरून निखाऱ्याची वाट पाहिली. निखारा आला नाही. थोडी ऊब होती, सोसण्यासारखी. मी बसले होते. दाराच्या चौकटीतला डोंगर बसतो तशी बसले होते.

तेवढ्यात अंगणातून शेवंती पळत आली, हातात पडलेली कैरी घेऊन. माझ्यासमोरून गेली, थेट भागीबायकडे. तिची वाट तीच होती, तिला दुसरी माहीत नव्हती.

भागीबायनं तिला येताना पाहिलं. मग माझ्या मांडीकडे पाहिलं. हातातली चिंच सुपात ठेवली, मांडी मोडली आणि उठून उभी राहिली.

शेवंती तिच्या पायांशी येऊन थांबली आणि वर बघू लागली. उभ्या माणसाला मांडी नसते. तिनं थोडा विचार केला, मागे वळली आणि माझ्या मांडीत येऊन धपकन बसली, नेमकी डाव्या बाजूला. दुखलं. मी हललेसुद्धा नाही. तिच्या केसांना धुळीचा आणि चिंचेचा वास येत होता.

"बसा ना, भागीबाय."

"नको गो. गुडघं धरलेत माझं. मांडी घालवत नाय आता."

कंबर, आणि मग एकदम गुडघा. मी तिच्याकडे बघितलं. तिचं दुखणं कुठे होतं ते मला पाय न लावताही कळत होतं.

"भागीबाय," मी म्हणाले, "तुमचं गुडघं नाय दुखत."

ती खांबाला टेकून उभी राहिली. मग म्हणाली, "नाय दुखत."

मी एका हातानं शेवंतीला धरलं आणि दुसऱ्या हातानं शेजारची जमीन थोपटली. ती आली. मांडी घातली नाही, माझ्या बाजूला पाय लांब करून बसली. तिचा तो पायाळू पाय शेवंतीच्या समोर आला, आणि शेवंतीनं कैरी टाकून दिली, वाकली आणि दोन्ही हातांनी तो धरला, दवाखान्यात स्वतःचा धरायची तसा.